अकरावा लिटर

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाही खडू हातात घेतला नाही, तरी लाखांदूरच्या बाजारात मला अजून कुणी ना कुणी 'काकाजी' म्हणून हाक मारतं आणि पिशव्या खाली ठेवून नमस्कार करतं. मी तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा परिचर होतो. सर फळ्यावर जे लिहीत ते बाटलीत भरून ठेवायचं, हे माझं काम. फळ्यावर चुकलं तर पुसायला डस्टर असतं. बाटलीत चुकलं तर काय होतं ते सांगायला बसलो आहे, पण त्याआधी बाटलीत काय असतं ते सांगावं लागेल.

मी मूळचा आसगावचा, धान पिकवणाऱ्या घरातला, आणि बारावी झालो तो कला शाखेतून. रुजू झालो त्याच आठवड्यात आमचे विभागप्रमुख मोटघरे सर म्हणाले, "जा, अर्धा मोल मीठ घेऊन ये." मी कपाटातून बाटली काढली, लेबलावर छापलेली किंमत पाहिली आणि तिथूनच ओरडून सरांना तिचं निम्मं सांगितलं. मोल म्हणजे किंमत, एवढंच मला ठाऊक. सर खुर्चीत बसून इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग मला समोर स्टुलावर बसवून म्हणाले, "हार्डवेअरच्या दुकानात खिळे कसे घेतोस?"

"किलोनं."

"मोजून काहून नाई घेत?"

"दुकानदार वेडा आहे का जी मोजाले?"

"बस. तेवढंच समजलं तं तुझी नोकरी पक्की."

आमचा धंदा खरोखर एवढाच आहे. अणू मोजता येत नाहीत, म्हणून ते तोलायचे. कोणत्या अणूचा किती भार ते तक्त्यात दिलेलं असतं. लोखंडाचा छप्पन्न, म्हणून छप्पन्न ग्राम लोखंड तोललं की एक मोल झाला. एका मोलात कण नेहमी तेवढेच, सहाच्या पुढे तेवीस शून्यं मांडली तर जी संख्या होते साधारण तेवढे. ग्रामला भाराने भागा, मोल मिळतात. मोलला त्या अवाढव्य संख्येने गुणा, अणू मिळतात. परत यायचं तर उलट्या वाटेने या. पोरं बारावीपर्यंत याची धास्ती घेतात, मला मात्र ते पहिल्या महिन्यातच जमलं, कारण मला परीक्षा द्यायची नव्हती.

पुढे मी स्वतःच एक प्रदर्शन सुरू केलं. अकरावीचा पहिला तास आला की टेबलावर चार गोष्टी मांडून ठेवायचो. एका काचेच्या तबकडीत छप्पन्न ग्राम खिळे, दुसरीत साडेअठ्ठावन्न ग्राम मीठ, एका वाटीत तीनशे बेचाळीस ग्राम साखर आणि एका लहान पेल्यात अठरा ग्राम पाणी. प्रत्येक एकेक मोल. एवढीशी घोटभर पाण्याची गंमत आणि एवढी वाटीभर साखर, आणि दोन्हीकडे रेणू सारखेच, हे पाहून पोरांचे डोळे मोठे होत. एका वर्षी एकाने पेला उचलून पाणी पिऊन टाकलं आणि "मी एक मोल पेलो!" म्हणून वर्गभर नाचला. ते पाणी बाटलीतलं शुद्ध होतं म्हणून वाचला, नाहीतर मी त्याला चांगला झोडपला असता.

सगळ्यांत आठवणीत राहिलेलं गिऱ्हाईक विद्यार्थी नव्हतं. स्नेहसंमेलनाच्या दिवशी एका मुलीचे मामा नाकाडोंगरीहून आले होते. खाणीत काम करणारा माणूस, अंगाने आडवा, आवाज मोठा. खिशातून काळाकुळकुळीत मँगनीजचा दगड काढून त्यांनी माझ्या तराजूशेजारी ठेवला.

"भाऊ, भाची म्हनते तुमी अणू मोजून देता. याच्यातले सांगा."

मी दगड तोलला. एकशे सत्तर ग्रामच्या थोडा वर भरला. त्या दगडात मँगनीजला ऑक्सिजन चिकटलेला असतो, त्याचा एक मोल सत्त्याऐंशी ग्रामचा. दगड अगदी शुद्ध धरला तर जवळजवळ दोन मोल, म्हणजे मँगनीजचे अणू बाराच्या पुढे तेवीस शून्यं. मी शून्यं एकेक करून कागदावर काढली. मामा बोट ठेवून मोजत होते.

"एवढे? एवढ्याशा गोट्यात?"

"हाव जी."

"मंग आमची खान कधी सरनारच नाई!" असं म्हणून त्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला. मोलाने मोजलं तरी खाण सरतेच, हे मी त्यांना सांगितलं नाही. दगड ते माझ्याकडेच ठेवून गेले, आणि निवृत्त होईपर्यंत मी तो कागदांवर वजन म्हणून वापरला.

असा मी सुखी माणूस होतो. तीस वर्षांत माझ्या सोल्युशनवर कुणी बोट ठेवलं नव्हतं आणि त्याचा मला गर्व होता, हे कबूल करतो. बाहेरून येणारे परीक्षकही म्हणत, की इथे ब्युरेट लावून तपासायची गरजच नाही, काकांनी बनवलं म्हणजे बरोबर. या वाक्याने माझं किती नुकसान केलं ते मला फार उशिरा कळलं.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असतानाची बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा. प्रयोग नेहमीचाच. ब्युरेट म्हणजे दर मिलिलिटरला दहा खुणा केलेली लांब काचेची नळी, खाली तोटी. तिच्यात जांभळं पोटॅशियम परमँगनेट भरायचं. खाली चंबूत मोहर सॉल्ट नावाच्या फिकट हिरव्या खड्यांचं सोल्युशन मोजून दहा मिलिलिटर घ्यायचं, त्यात थोडं आम्ल टाकायचं. वरून थेंब थेंब जांभळं सोडलं की तो रंग चंबूत विरघळून नाहीसा होतो, आणि एक क्षण असा येतो की एका थेंबाने सगळं फिकट गुलाबी होतं आणि तसंच राहतं. तिथे तोटी बंद करायची, नळीवरचा आकडा वाचायचा आणि लिहायचा. मी दोन्ही सोल्युशनं अशी बनवत असे की आकडा बरोबर दहा यावा.

मोहर सॉल्टचा मोल तीनशे ब्याण्णव ग्रामचा. आदल्या संध्याकाळी पाच वाजता मी अख्खा एक मोल तोलून मोठ्या कॅनमध्ये टाकला. त्यात एकूण दहा लिटर पाणी जायचं होतं. मदतीला नेहा मॅडम होत्या, त्याच वर्षी रुजू झालेल्या. नाशिकला फ्लॅटमध्ये वाढलेली मुलगी, पण कामाला वाघीण. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही मोजत ओता, मी ऐकून कागदावर रेघा मारते."

मी लिटरच्या मापाने ओतायला लागलो आणि सवयीने मोठ्याने मोजायला लागलो. "लाभ… दोन… तीन…" आमच्याकडे खळ्यावर धान मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. पहिलं माप लाभ. माझा बाप असंच मोजायचा, त्याचा बापही. सहाव्या मापाला ऑफिसातून बाबू कसल्या तरी सहीसाठी आला, मी सही करून परत आलो आणि पुढे मोजलं. दहा म्हटलं आणि माप खाली ठेवलं.

मॅडम म्हणाल्या, "काका, नऊच झालेत."

"दहा झाले ना मॅडम."

"माझ्याकडे रेघा नऊ आहेत. मध्ये तुम्ही सहीला गेलात, तेव्हा चुकलं असेल."

माझ्या तोंडापेक्षा कागद खरा, असं मला वाटलं. लिहिलेल्याला मान द्यायची आम्हा खालच्या नोकरांना सवयच असते. मी आणखी एक लिटर ओतला, मॅडमनी दहावी रेघ मारली, कागद कॅनला चिकटवला आणि आम्ही घरी गेलो.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी नोकरीत असताना कुणाला सांगितली नसती. परीक्षेच्या दिवशी मी पाण्याची पिचकारी बाटली घेऊन टेबलांमधून फिरायचो. कुणाला पाणी हवं का असं विचारायचो आणि वाकून हळूच म्हणायचो, "दहा." पोरं घाबरलेली असतात, हात कापतात, एखाद्या थेंबाने वर्ष कशाला बिघडावं. मी त्याला माया म्हणत होतो. दुसरं काही नाव त्याला असू शकतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

परीक्षक कटरे सर गोंदियाकडून आले होते. कमी बोलणारा माणूस. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "ज्याचं रीडिंग तीन खुणांपेक्षा जास्त चुकेल त्याला या प्रयोगाचे गुण मिळणार नाहीत." पहिल्या बॅचला वीस पोरं. मी माझी फेरी मारली. थोड्याच वेळात एकोणीस कागदांवर दहा, दहा पूर्णांक एक, नऊ पूर्णांक नऊ असे आकडे उमटले.

विसावी पल्लवी. तिच्याविषयी मला माहीत होतं, कारण ती अकरावीत असताना माझ्या चार तबकड्यांसमोर उभी राहून "काकाजी, हे सारखेच आहेत हे कोनं मोजलं?" असं विचारणारी एकटीच होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. भौतिकशास्त्रात ती कच्ची, रसायनाच्या गुणांवरच सगळी मदार. घरून अट अशी, की सायन्स झेपत नसेल तर शिकणं बंद, मोठ्या बहिणीचं झालं तसं. मी तिच्या टेबलाशी गेलो तर कागदावर तीन ओळी होत्या. नऊ पूर्णांक एक. नऊ पूर्णांक एक. नऊ पूर्णांक एक.

मी वाकून म्हणालो, "बाई, खोड ते. दहा लिही."

तिने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज हलला नाही. "काकाजी, तीनदा केलं जी. तीनदा नऊ पॉइंट एकलेच गुलाबी होऊन राहिलं." मग म्हणाली, "तुमचं सोल्युशन तं नाई ना चुकलं?"

मला राग आला. खरं सांगतो, कानशिलं तापली. तीस वर्षांत परीक्षकांनी विचारलं नाही ते ही पोरगी मला विचारते! मी तोंड फिरवलं आणि कोठीत गेलो. तिला दाखवून द्यायचं म्हणून गेलो होतो. कॅनवरच्या कागदावर दहा रेघा होत्या, नीट, सरळ. मी पुटपुटत मनात पुन्हा माप ओतलं. लाभ… आणि तिथेच माझी जीभ थांबली.

नेहा मॅडमना मी खुणेने दाराशी बोलावलं. "मॅडम, काल मी लाभ म्हटलं, तेव्हा रेघ मारली होती का?"

"लाभ? ते तर तुम्ही देवाचं नाव घेतलं ना सुरुवातीला?"

मी तिथल्या स्टुलावर बसलो. मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग गेला, तरी चूक त्यांची नव्हती. पहिल्या मापाची रेघच पडली नव्हती, म्हणून कॅनमध्ये अकरा लिटर होते. मोल तेवढाच, एक. त्यातला एकही कण कुठे गेला नव्हता, फक्त दहा लिटरमध्ये बसायचा तो अकरा लिटरमध्ये पसरला होता. चंबूतल्या दहा मिलिलिटरमध्ये त्यामुळे माल कमी, म्हणून जांभळंही कमी लागणार. दहाला अकराने भागून दहाने गुणा. नऊ पूर्णांक एक.

आता मी काय करावं? गप्प बसलो तर एकोणीस पोरं सुखरूप घरी जाणार आणि खरं लिहिणारी एकटी शून्य घेऊन जाणार. बोललो तर ती वाचणार, पण एकोणीस जणांनी न दिसलेला आकडा लिहिला हे उघडं पडणार, आणि तो त्यांना कुणी दिला तेही. मला पेन्शनची भीती वाटली. पोरांची वाटली. सगळ्यांत जास्त, लाज वाटते लिहायला, माझ्या नावाची वाटली. तेवढ्यात आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कटरे सर कागद गोळा करायला उठले होते.

मी आत गेलो आणि उभ्यानेच म्हणालो, "सर, चूक माझी आहे. मोहर सॉल्टमध्ये एक लिटर पाणी जास्त गेलं."

सर्व पोरं माझ्याकडे पाहू लागली. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "मंग रीडिंग किती यायले पाहिजे?"

"नऊ पूर्णांक एक, सर."

"कसं काढलं?"

मी काढून दाखवलं. पहिल्यांदाच खडू हातात घेतला असता, पण फळा सरांचा म्हणून तोंडीच सांगितलं. सरांनी स्वतः एक ब्युरेट भरलं, थेंब सोडले, आकडा वाचला आणि मान हलवली. मग ते वीस कागद चाळू लागले. एक बाजूला काढला. उरलेले हातात धरून म्हणाले, "एकोणीस पोरांले दहा कसं काय दिसलं?"

मी म्हणालो, "मी सांगितलं होतं, सर. दरवर्षी सांगतो."

कटरे सरांनी कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. म्हणाले, "नोकरी किती राहिली तुमची?"

"दोन वर्षं."

"मंग दोन वर्षं तोंड बंद ठेवा."

एवढंच. त्यांनी एकोणीस कागद आडवे फाडले, नवे वाटले आणि फळ्यावर मोहर सॉल्टची खरी तीव्रता लिहिली. सोल्युशन फेकू नका, म्हणाले, सोल्युशन खोटं नाही, फक्त लेबल खोटं होतं. पोरांनी ब्युरेटं धुवून पुन्हा भरली. या वेळी मी भिंतीशी उभा राहिलो. तीस वर्षांत माझ्या प्रयोगशाळेत मी असा शांतपणा ऐकला नव्हता. नऊ, नऊ पूर्णांक दोन, नऊ पूर्णांक एक असे आकडे आले. एका पोराची तोटी गळत होती, त्याला नऊ पूर्णांक सहा आलं आणि त्याने तसंच लिहून खाली 'तोटी गळते' अशी टीप दिली. कटरे सर दिवसभरात तेवढं एकदाच हसले.

पुढच्या बॅचेस त्याच कॅनवर झाल्या. कुणाला किती गुण मिळाले ते मला कधी कळलं नाही, ते कळायचं नसतंच. पल्लवी नर्सिंगला गेली एवढं माहीत आहे. उरलेली दोन वर्षं मी पिचकारी बाटली घेऊन फिरलो ते फक्त पाणी द्यायला. पहिल्या वर्षी पोरांचे आकडे वेडेवाकडे आले, सर लोक कुरकुरले. दुसऱ्या वर्षी पोरं आधीपासूनच सराव करायला लागली, कारण काका आता सांगत नाहीत ही बातमी वरच्या वर्गातून खाली उतरली होती. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी माझ्या हाताच्या अचूकपणाचं कौतुक केलं. मी हारासकट खाली मान घालून ऐकलं, आणि मला बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्या परीक्षेच्या दिवशी दुपारी बॅच सुटल्यावर पल्लवी आपलं ब्युरेट धुवायला मोरीशी आली होती. मी तिच्या हातातून ते घेतलं आणि म्हणालो, "बाई, माझ्यावर रागावली असशील."

"नाई जी." तिने ओले हात ओढणीला पुसले. "मी तं खोडनारच होती. पेन उचलला होता. तुमी आनखी एकदा म्हटलं असतं ना काकाजी, तं मी दहा लिहून देली असती. तुमच्यावर भरोसा होता ना."

खोड असं मी एकदाच म्हणालो होतो, दुसऱ्यांदा म्हणालो नव्हतो, तेही रागाने तोंड फिरवल्यामुळे. बत्तीस वर्षांत हजारो बाटल्या भरल्या, पण हातून झालेलं सगळ्यांत चांगलं काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी तेच सांगतो, जे मी केलं नाही.